कोरा कापूस

उल्हासनगरच्या बाजारात सुतळी चाचपता चाचपता नाथानं सहज मान वर केली, आणि त्याला आपल्या घरचं शीड दिसलं. समोरच्या कापडाच्या दुकानापुढे चार बांबूंवर ते मांडवासारखं ताणून बांधलं होतं. खाली बाकावर बसून बायका छिटं निवडत होत्या, आणि नेमकं त्यांच्या डोक्यावर ते जांभळं ठिगळ. आता उल्हासनगर म्हणजे मूळचा लष्करी कॅम्प, त्या कॅम्पाच्या बाजारात जाड कापडाला काय तोटा? लष्कराचे तंबू, ताडपत्र्या, खाकी चवाळी, लढाई संपल्यापासून निम्मा बाजार त्यांच्याच आडोशाला बसला होता. जुनं जाड कापड दिसलं की ते आपलंच, असं म्हणणं वेडेपणाचं, एवढं नाथालाही कळत होतं. पण ठिगळ त्याच्या बायकोच्या, बनूच्या लुगड्याचं होतं, लग्नातल्या. काठाची पिवळी रेघ तशीच होती. आणि खालच्या कोपऱ्यात त्याचा स्वतःचा टाका होता. तिथे दाभण मोडलं होतं, हात घसरला होता आणि टाका तिरका गेला होता. थोरला भाऊ हिरामणदादा त्यावरून वर्षभर हसला होता. आपलं अक्षर आपण ओळखतो तसा त्यानं तो टाका ओळखला. सुतळीवाला ‘लेना है क्या?’ म्हणून दोनदा विचारून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला, तरी गुंडा नाथाच्या हातातच होता.

खरं तर तो आज इथे असायलाच नको होता. अंबरनाथच्या सरकारी कारखान्यात तो फिटर होता, लागून पाच वर्षं झाली होती. दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी तो आठ दिवसांची सुटी काढायचा आणि सायकल हाणत कल्याणच्या खाली, खाडीकाठच्या आपल्या गावी जायचा, घरचा मचवा, माल वाहायची शिडाची होडी, नव्या हंगामासाठी तयार करायला. मचवा त्याच्या बानं बांधून घेतलेला. नाव ‘सखू’. सखू म्हणजे बाची पहिली मुलगी, दोन वर्षांची होऊन तापानं गेलेली. तेव्हा मचवा ही दोघा भावांची थोरली बहीणच, असं बा म्हणायचा आणि तिच्यावर पाय ठेवण्याआधी दोघांना वाकून हात लावायला लावायचा. हंगामभर गवत, भात, विटा भरून सखू ठाण्याला जायची, कधी मुंबईच्या बंदरापर्यंत. पावसाळ्यात तिला काठावर ओंडक्यांवर ओढायची, झावळ्यांखाली निजवायची, आणि श्रावणात उघडीप बघून फळ्यांचे सांधे नव्यानं भरायचे. यंदा कारखान्यात कामाची घाई होती. विष्णुपंत साहेबांनी सुटीला साफ नाही म्हटलं, आणि आषाढातच नाथानं दूधवाल्याबरोबर घरी निरोप धाडला, की मला जमत नाही, दादानं एकट्यानं उरकावं. निरोप सांगून झाल्यावरही तो दूधवाल्यामागे फाटकापर्यंत चालत गेला होता. चाळीस जणांच्या खात्यात हे कुणाला सांगायची सोय नव्हती. आणि मग परवा साहेबांनीच बोलावून ‘जा बाबा, पाच दिवस जाऊन ये, तुझं तोंड बघवत नाही’ म्हटलं, तसा नाथा कुणाला न कळवता निघाला. दादाला चकित करायचं होतं. सायकलच्या कॅरिअरवर कापसाचा गठ्ठा होता, पिशवीत राळ होती, हँडलला तेलाचा डबा. तेवढी सुतळी घ्यायची राहिली होती.

तो रस्ता ओलांडून त्या दुकानाशी गेला. म्हातारा सिंधी दुकानदार गजानं कापड मोजत होता.

“सेठ, ये ऊपर का कपडा किधर से लिया?”

“ये?” म्हाताऱ्यानं वर पाहिलं आणि तो खूश झाला. “बारिश के पहले लिया. फर्स्टक्लास माल है साईं, एक बूंद नहीं टपकता. तुमको चाहिए क्या? ये नहीं देगा.”

“कुनी दिला? मतलब, कौन लाया था?”

“तुम्हारे ही तरफ का आदमी. लंबा, कान में बाली. रेती के ट्रक पे आता है. मैंने बोला, चोरी का तो नहीं? तो हसने लगा. बोला, सेठ, घर का है, तीन साल से पडा है, चूहा खा जाएगा, उससे अच्छा तुम ले लो.”

“तीन साल?” नाथा म्हणाला. “तीन साल कैसा? मागच्या वर्षी तर मीच बांधला.”

म्हाताऱ्याला यातलं काही कळलं नाही. बाकावरच्या बायकांनी मात्र नाथाकडे वळून पाहिलं. त्यानं ठिगळाकडे एकदा बघून घेतलं आणि सायकल काढली. पहिलं पायडल मारताना त्याच्या मनात आलं ते एवढंच, की म्हातारा हिशेबात चुकला. इथली माणसं आपलं घरदार मागे टाकून आलेली, त्यांच्या वर्षांचा मेळ कुठे बसतो. पण कल्याणच्या रस्त्याला लागेतो त्याला समजलं, की चूक म्हाताऱ्याची नव्हे. दादाचं लांब अंग, कानातली बाळी, आणि ते हसणं. पकडला गेला की दादा असाच हसतो, लहानपणापासून. रेतीच्या ट्रकवर दादा काय करत होता, हे नाथाला ठाऊक नव्हतं. दादा तर मचव्यावर असतो. नाथा कारखान्यात लेथच्या आवाजात उभा असतो तेव्हा दादा मुंब्र्याच्या डोंगराखालून वाऱ्यावर निघालेला असतो, शीड पोटाशी फुगलेलं, आणि गवताच्या गंजीवर बसून तो विडी ओढत असतो. हे चित्र नाथानं इतक्या वेळा पाहिलं होतं, की ते त्याच्या खात्यातल्या घड्याळाशेजारी टांगलेलंच होतं म्हणा ना. दुपारचा भोंगा झाला की तो मनात म्हणायचा, आता भरती लागली असेल, आता दादानं सुकाणू वळवलं असेल. भरती-ओहोटीची वेळ तो पंचांगात बघून ठेवायचा. बरोबरची माणसं त्याला ‘बंदरमास्तर’ म्हणत आणि त्याला ते आवडायचं.

तीन वर्षं. रस्त्यावर खड्डे होते, पाणी साठलेलं होतं, तेलाचा डबा गुडघ्याला आपटत होता, आणि नाथा एकेका वर्षाला उलटंसुलटं करून बघत होता. दर वर्षी काम ठरलेलं. सखूला एका कुशीवर कलती करायची. नाथा आत पोटात उताणा निजायचा, कारण अंगानं तो बारीक. आतल्या काळोखात फळ्यांच्या फटींतून उजेडाच्या रेघा दिसत. जिथे रेघ तिथे भोक. तो आतून ओरडायचा, ‘तिसरी फली, म्होरून दोन वीत!’ आणि बाहेरून दादा तिथे खूण करायचा, तेलाराळेत भिजवलेला कापूस छिन्नीनं ठोकत बसायचा. एकेक रेघ विझत जायची. शेवटची विझली की आत मिट्ट काळोख व्हायचा आणि बाहेरून दादा विचारायचा, ‘हाय का अजून काय?’ आणि नाथा म्हणायचा, ‘काय नाय. बंद जाली.’ त्या काळोखात त्याला जेवढं सुखाचं वाटायचं तेवढं स्वतःच्या लग्नातही वाटलं नव्हतं. पण त्याआधी जुना कापूस ओढून काढायचा असतो, आणि इथे येऊन नाथाचा पाय पायडलवरच थांबला. हंगामभर खाडीत राहिलेल्या मचव्याचा कापूस काळा निघतो, दोरखंडासारखा घट्ट, चिखलाचा वास मारणारा. बाच्या वेळी असाच निघायचा. गेल्या वर्षी निघाला तो पिवळट होता. हातात घेतला तर सुटा होत होता. आदल्या वर्षीही तसाच. नाथानं तो बोटांत चुरून पाहिला होता आणि त्याची छाती फुगली होती. त्याच्याही आदल्या सालापासून तेलात राळ जास्त घालायची त्याची नवी युक्ती होती; युक्ती फळली, पाणी आत शिरलंच नाही, असं त्यानं ठरवून टाकलं. दादाला दाखवलं. दादा म्हणाला होता, ‘वा रं फिटर!’ कारखान्यातही त्यानं हे सगळ्यांना सांगितलं होतं, चहाच्या सुटीत, हातवारे करून. आता भर रस्त्यात त्याचे कान तापले.

आणि तळ. तळाला कालवं चिकटलेली असतात, ती खरवडून हाताची सालं निघतात. गेली दोन वर्षं तळ स्वच्छ होता. नाथाला वाटलं होतं, आपण येण्याआधी दादा खरवडून ठेवतो. धाकट्याला सुटी थोडी, त्याचे हात आता मशिनीवर चालायचे, ते जपावेत, म्हणून दादा गुपचूप निम्मं काम उरकून ठेवतो. या समजुतीवर त्यानं किती माया केली होती! दादासाठी त्यानं दोन वर्षं कारखान्याच्या सोसायटीतून घोंगडी नेली होती. खरवडलेली कालवं काठावर कुठे पडलेली दिसत नाहीत, एवढं साधं त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारा माणूस, आणि त्याला तळ दिसला नाही. की दिसला होता? एकदा, दुसऱ्या वर्षी, रात्री जेवताना त्यानं विचारलं होतं, ‘दादा, औंदा ठान्याला किती खेपा जाल्या?’ आणि घरात क्षणभर सगळ्यांचे हात ताटात थांबले होते. मग दादा म्हणाला, ‘कोन मोजतंय?’ आणि सगळे हसले होते. नाथाही हसला होता. तेव्हाही काहीतरी टोचलं होतंच, माशाचा काटा टोचतो तसं, आणि भाताच्या घासाबरोबर त्यानं ते गिळून टाकलं होतं.

पौर्णिमेला सखू पाण्यात जायची. गावातली दहा माणसं हात लावायची, नारळ सुटायचा, शीड चढायचं, दोघे भाऊ खाडीच्या वळणापर्यंत जाऊन परत यायचे. नवा कापूस पाणी पिऊन फुगायला तीन भरत्या लागतात. तेवढ्या भरत्या मचव्याजवळ थांबावं, फळ्यांचं कुरकुरणं ऐकावं, असं नाथाला दर वर्षी वाटायचं. पण दुसऱ्या दिवशी हजेरी असायची. ‘तू जा,’ दादा म्हणायचा, ‘मी हाय.’ आणि नाथा जायचा. गावाबाहेरच्या वडापाशी सायकल थांबवून एकदा मागे बघायचा, तर ती पाण्यावर डुलत असायची. आता त्याला कळत होतं, की वडाच्या पलीकडे तो दिसेनासा झाला की तीच दहा माणसं पुन्हा गोळा होत असतील. पुन्हा ओंडके, पुन्हा हय्या हो. सखू वर, झावळ्या वर. ती दहा माणसं त्याला पुढच्या वर्षी भेटायची आणि म्हणायची, ‘नाथा, ये हां दर वर्साला! तुज्याबिगर सखूला कोन बगनार!’ त्या हसण्याचा अर्थ त्याला आज लागला. लहान पोराला खेळणं द्यावं, ते खेळून निजलं की उचलून फळीवर ठेवावं, असं त्याच्याशी चाललं होतं, आणि ते सगळ्या गावाच्या साक्षीनं.

घरी पोचला तेव्हा दुपार टळत होती. अंगणात आई, गोजरबाई, सुपात तांदूळ पाखडत बसली होती. सायकल दिसताच तिचं सूप थांबलं. वहिनी, तुळशी, दारात आली आणि परत आत गेली. काठावर सखू झावळ्यांखाली होती, एका अंगानं झावळ्या सरकलेल्या, आणि त्या उघड्या फळ्यांवर कुणाची तरी गोधडी वाळत घातली होती.

“नाथा?” आई म्हणाली. “तू येनार नवतास ना?”

“दादा कुठं हाय?”

दादा घरातूनच आला. अंगावर खाकी अर्धी चड्डी, पायाला सुकलेली रेती. नाथाला बघून त्याचं तोंड उजळलं, मग त्याची नजर कापसाच्या गठ्ठ्यावर गेली आणि ते उजळलेलं तोंड तसंच राहिलं, नुसतं.

“कॅम्पात शीड बगितला,” नाथा म्हणाला. “बनूच्या लुगऱ्याचा ठिगल. खाली बाया छिटा घेतान.”

हिरामण हसला. तेच हसणं. मग त्याचं त्यालाच ते नको झालं असावं. तो ओट्यावर बसला.

“बस,” तो म्हणाला.

“बसायला नाय आलो. किती वर्सा जाली?”

“तीन.” हिरामणनं पायाची रेती नखानं खरवडली. “आता टरक थेट शेतावं येतान, नाथा. गवत भरतान नि दोन घंट्यात ठान्याला. मचव्याला कोन इचारतंय? पयल्या साली मी चार येला मोकली होरी घेऊन आलो. मंग रेतीवाल्याकडं लागलो, मुकादम. प्वॉट हाय ना. तुना सांगनार व्हतो मी. द्येवाशप्पत सांगनार व्हतो. तर तू आलास, गठ्ठा खांद्यावं घेऊन, नि येताच बोल्लास, दादा, औंदा राल जास्त घालू. मंग तुज्या तोंडाकं बगून माज्यानं बोलवला नाय.”

“नि दुसऱ्या साली?”

“दुसऱ्या साली तर आनिकच नाय बोलवला.”

“दहा जनांनी वर वढली तिला. गावाला ठावं, सगल्यांना ठावं. यकटा मी येडा! पोटात निजून वरडत व्हतो, तिसरी फली, चवती फली. नि तू भायेर बसून ठोकत व्हतास. कशाला ठोकत व्हतास रं? काय वाटत व्हता तुना?”

हिरामणनं वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि नाथाला त्याचा आणखीच संताप आला. फसवलं त्यानं, आणि वर रडायचंही त्यानंच.

“बरा वाटत व्हता,” हिरामण म्हणाला. “खरा सांगू? वर्साचे ते आठ दिस मना बी बरा वाटत व्हता.”

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिला वाटलं असावं, आता आपण चार शब्द बोलून तापलेलं निववावं. बाई स्वभावानं भोळी. “भावजी, यांच्यावं राग नका धरू,” ती म्हणाली. “हे सांगाया निगालं व्हतं दिवालीला, अंबरनाथला येऊन. बनूनंच नको म्हटला. म्हनं, वैनी, नका सांगू त्यांना, वर्सभर ते त्येच्यावंच जगतान.”

नाथानं तांब्या घेतला आणि तो तसाच धरून राहिला. बनू. दर वर्षी त्याची पिशवी भरणारी, दोन सदरे, एक पंचा, ‘किती दिस?’ म्हणून विचारणारी बनू. सखू पाण्यात जाताना बघायला चल म्हटलं की मुलीची शाळा पुढे करणारी. पंचांग उघडून तो भरतीची वेळ बघायचा तेव्हा ती चुलीपुढे पाठमोरी असायची. ती पाठ त्याला आठवली. ती हसत होती का तेव्हा? नाही, बनू हसणारी नव्हे. तिला त्याची दया येत होती. हे त्याला सगळ्यात झोंबलं. भावानं फसवलं तर निदान भांडता येतं, गाव हसलं तर गावाला शिव्या देता येतात. पण रोज रात्री शेजारी निजणाऱ्या बाईनं तीन वर्षं आपल्याकडे दयेनं बघावं, आणि आपण तिला दादाच्या सुकाणू धरण्याच्या गोष्टी सांगाव्यात, याचं काय करायचं ते त्याला समजेना. आता क्वार्टरमध्ये परत जाऊन तिच्यापुढे जेवायला कसं बसायचं, हाच मोठा प्रश्न होता.

“दसऱ्याला कॅम्पातला लाकूडवाला येनार हाय,” हिरामण खाली बघत म्हणाला. “फल्या न्यायाला. पन तुजा बी हिस्सा हाय. तू नको बोल, मी नाय देत. कापूस आनलाच हायेस तर आजच लावू हात. शीड दुसरा घेऊ.”

“नि चालवील कोन?”

नाथाची हजेरी सोमवारी होती, हिरामणला पहाटे रेतीवर जायचं होतं. ‘नको देऊ’ हे दोन शब्द नाथाच्या ओठांवर आले होते. ते बोलले की पुन्हा पुढचं वर्ष, पुन्हा सुटी, पुन्हा गठ्ठा, फक्त या खेपेला सगळं माहीत असून. आणि ‘देऊन टाक’ म्हणावं तर बहीण विकल्यासारखं. तो सायकलकडे वळला. गठ्ठा सोडून त्यानं ओट्यावर ठेवला, राळेची पिशवी ठेवली, तेलाचा डबा ठेवला.

“दे,” तो म्हणाला. “दसऱ्याला कशाला? उद्याच बोलव त्याला.”

त्यानं सायकल वळवली तेव्हा आई उठून आडवी आली. तिनं हँडलला हात घातला. हाताला तांदळाचा कोंडा होता.

“जातंस?”

“आये, तू तरी सांगायचास.” हे म्हणताना त्याचा आवाज पोरासारखा चिरकला आणि त्याला त्याची लाज वाटली नाही. “ही लोका सोड. तू माजी आय ना?”

“मीच नको म्हटला,” गोजरबाई म्हणाली.

“तू?”

“पयल्या सालापासून. बनूच्या बी आदी. हिरामन सांगतो सांगतो करीत व्हता, मी त्याला बाची आन घातली.” ती अगदी सरळ त्याच्याकडे बघत होती, तिला कसली चोरी वाटत नव्हती. “होरी नाय म्हटल्यावं तू कशाला आला असतास?”

नाथाच्या डोक्यात पाच वर्षं भराभर पुढे सरकली. दिवाळी: ओव्हरटाइम होता. शिमगा: मुलीला गोवर. बाचं वर्षश्राद्ध: साहेबांची तपासणी. आईला दोन महिने थंडीताप येत होता तेव्हा तो रविवारी आला होता, आणि निम्मा रविवार काठावर सखूच्या झावळ्या बदलण्यात गेला होता. प्रत्येक वेळचं कारण खरं होतं. खोटं एकही नव्हतं. सुटी मात्र त्यानं एकाच गोष्टीसाठी भांडून घेतली होती. त्याला वाटलं होतं, फसवलं ते आपल्याला. पण ही बाई त्याला धरून ठेवायला तीन वर्षं कुजक्या फळ्यांना कापूस भरू देत होती, आणि त्या बदल्यात वर्षातले आठ दिवस पदरात पाडून घेत होती. तिला एवढा विश्वास नव्हता, की पोरगा नुसता आपल्यासाठी येईल. हेच त्याला सहन होईना. भावाचं, गावाचं, बनूचंही सहन झालं असतं.

“आलो असतो,” तो म्हणाला. “आये, मी आलो असतो.”

गोजरबाईनं मान हलवली. हळू, समजूत घातल्यासारखी, दोनदा. ती मान नाथानं तिथल्या तिथे ओळखली. पौर्णिमेच्या सकाळी मचवा पाण्याला लावताना तो तिला मोठ्या आनंदानं म्हणायचा, ‘आये, औंदा हंगाम चांगला जाईल बग,’ आणि तीन वर्षं ती अशीच मान हलवत होती.